इंजेक्शन घेणाऱ्याने व्यायाम कशासाठी करायचा?

वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांबद्दल आपल्याकडे दोन मते ऐकू येतात. पहिले कट्ट्यावरचे: तोंडावर ताबा नाही म्हणून सुई टोचून घ्यायची, हा आळशांचा मार्ग. दुसरे दवाखान्यातले आणि जरा सभ्य: औषध घ्या, पण सोबत आहार-व्यायाम हवाच. पहिल्या मताचा समाचार मी थोडक्यात घेणार आहे. माझे खरे भांडण दुसऱ्याशी आहे. ते चूक म्हणता येत नाही, पण पोकळ आहे. सोबत हवा म्हणजे नेमका कशासाठी हवा, हे त्यात कुठेच येत नाही. औषधाच्या पाकिटावरच्या 'लहान मुलांपासून दूर ठेवा' या ओळीसारखे ते वाक्य छापले जाते, वाचले जाते आणि विसरले जाते.

माझे म्हणणे असे आहे. सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपटाइड यांपैकी एखादे इंजेक्शन सुरू झाले की आहार आणि व्यायाम यांचे काम बदलते. वजन उतरवायला आता औषध आहे आणि ते काम ते उत्तम करते. सवयींकडे वेगळी कामे येतात: उतरणाऱ्या किलोंमध्ये चरबी किती जाणार आणि स्नायू किती जाणार हे ठरवणे, कमावलेले टिकवणे, आणि काट्यावर न दिसणारी ताकद राखणे. काम बदलले की सल्लाही बदलायला हवा. 'कमी खा, भरपूर चाला' हा जुना सल्ला हे औषध घेणाऱ्याला जसाच्या तसा दिला, तर त्यातला पहिला अर्धा भाग त्याचे नुकसान करील आणि दुसरा अपुरा पडेल.

१. इच्छाशक्तीचा हिशेब आधी मिटवू

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात आहारावर जेवढा वाद झाला तेवढा राजकारणावर तरी झाला असेल का, शंका आहे. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचे दोन वेळा, ५५ मिनिटांत जेवण की ऋजुता दिवेकरांचे थोडे थोडे, अनेकदा खाणे, यावरून घराघरांत तट पडले. दोन्ही बाजूंना वजन उतरलेली माणसे दाखवता आली. दोन-तीन वर्षांनी तीच माणसे कुठे होती, हे मात्र फारसे कुणी विचारले नाही.

ते विचारणारे अभ्यास आहेत. मेलबर्नमध्ये ५० लठ्ठ व्यक्तींना दहा आठवडे अत्यंत कमी उष्मांकाचा आहार देण्यात आला. वजन सरासरी साडेतेरा किलोंनी उतरले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वर्षभरानंतरही भूक वाढवणारी संप्रेरके चढलेली आणि तृप्ती देणारी उतरलेली आढळली. शरीर जुन्या वजनाकडे परत खेचत होते. अमेरिकेत वजन उतरवण्याच्या टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांची सहा वर्षांनी तपासणी झाली, तेव्हा उतरवलेल्या सुमारे ५८ किलोंपैकी ४१ किलो परत आले होते आणि विश्रांतीतला ऊर्जाखर्च अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमीच राहिला होता. या लोकांनी टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर घाम गाळला होता. त्यांना आळशी म्हणणाऱ्याने आधी तेवढा गाळून दाखवावा.

तेव्हा भुकेच्या यंत्रणेतल्या बिघाडावर औषध घेणे यात लाजण्यासारखे काही नाही. पण सवयींचे अपयश मान्य केले म्हणून सवयी निरुपयोगी ठरत नाहीत. जे काम त्यांच्या आवाक्यातले नव्हते ते आपण त्यांच्यावर लादले होते, एवढेच यातून सिद्ध होते.

२. सोबतच्या मेहनतीने काटा फारसा हलत नाही

आता 'औषध अधिक जीवनशैली' हे समीकरण आकड्यांवर घासून पाहू. सेमाग्लुटाइडची 'स्टेप १' ही चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. ६८ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.९ टक्क्यांनी उतरले, नुसते बिनऔषधी इंजेक्शन घेणाऱ्यांचे २.४ टक्क्यांनी. दोन्ही गटांना आहार-व्यायामाचा साधारण सल्ला होता. त्याच औषधाच्या 'स्टेप ३' चाचणीत हा सल्ला कमालीचा कडक केला: सुरुवातीला आठ आठवडे मोजून-मापून दिलेला कमी उष्मांकाचा आहार आणि चाचणीभर मिळून समुपदेशनाच्या ३० बैठका. निकाल काय लागला? बिनऔषधी गटाचे वजन ५.७ टक्क्यांनी उतरले, म्हणजे साध्या सल्ल्याच्या दुपटीहून अधिक. औषधवाल्या गटाचे उतरले १६ टक्क्यांनी.

१४.९ आणि १६. दोन वेगळ्या चाचण्यांतले आकडे शेजारी ठेवताना जपून बोलावे हे खरे, तरी दिशा स्पष्ट आहे. तीस बैठकांनी काट्यावर भर टाकली ती टक्काभराची. म्हणजे 'व्यायाम केला नाही तर औषध लागू पडणार नाही' ही दवाखान्यातली धमकी खोटी आहे, आणि रुग्ण ती महिन्याभरात ओळखतो. जिना न चढता, बिस्किटे न सोडता त्याचे वजन उतरत असते. डॉक्टरांचे ते एक वाक्य खोटे ठरले की बाकीचा सल्लाही त्याच टोपलीत जातो. व्यायामाचे समर्थन वजनाच्या आधारावर केल्याची ही किंमत आहे.

३. काट्याला जे दिसत नाही

पंधरा किलो उतरले म्हणजे पंधरा किलो चरबी गेली, असे कुणीही धरून चालतो. 'स्टेप १' मधल्या काहीजणांच्या शरीराची घडण क्ष-किरणांच्या विशेष तपासणीने मोजली गेली. गेलेल्या वजनात साधारण ४० टक्के वाटा चरबीखेरीज इतर ऊतींचा होता. टिर्झेपटाइडच्या अशाच मोजणीत तो सुमारे एक चतुर्थांश होता. इथे घाबरवून सोडणाऱ्या लेखांपासून सावध राहावे: चरबीखेरीजचे सगळे काही स्नायू नसते, त्यात पाणी असते, अवयव असतात, आणि वजन कोणत्याही मार्गाने झपाट्याने उतरवले तरी थोडेफार स्नायू जातातच. शिवाय शरीरातले चरबीचे प्रमाण या रुग्णांत एकंदरीने सुधारलेच.

तरीही प्रश्न उरतो, आणि तो वयाप्रमाणे तीव्र होतो. तिशीतल्या धडधाकट माणसाला दोन-तीन किलो स्नायू गेल्याचे कळणारही नाही. साठीच्या बाईला ते भारतीय बैठकीच्या संडासातून उठताना कळते, बसची उंच पायरी चढताना कळते. स्नायू हे जेवणानंतरची साखर शोषून घेणारे शरीरातले सर्वांत मोठे कोठार आहे. ते आकसले तर मधुमेहाच्या रुग्णाने एका हाताने मिळवलेले थोडे दुसऱ्या हाताने गमावले.

४. पुण्याचा एक धडा

हा प्रश्न आपल्यासाठी युरोप-अमेरिकेपेक्षा अधिक गंभीर आहे, आणि त्याचा पुरावा पुण्यातूनच आला आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. बाहेरून सडपातळ, आतून स्थूल, ही भारतीय देहाची ओळख त्या एका पानाने जगाला पटवली. याज्ञिकांच्याच गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळे इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली होती. आपली बाळे सरासरी २.७ किलोंची, तिकडची ३.५ किलोंची. आपल्या बाळांत कमी पडले होते ते मुख्यतः स्नायू आणि अवयव. त्वचेखालची चरबी त्यांनी त्या मानाने राखली होती.

म्हणजे स्नायूंच्या बाबतीत आपण जन्मापासूनच तुटीचा अर्थसंकल्प चालवतो. मोठ्या शिलकीतून चार किलो स्नायू जाणे वेगळे आणि तुटीतून जाणे वेगळे. या औषधांच्या मोठ्या चाचण्यांतले बहुसंख्य लोक आपल्यापेक्षा उंच, वजनदार आणि स्नायूंनी भरलेले होते. तिथले निष्कर्ष औषधाच्या परिणामापुरते खुशाल घ्यावेत. किती स्नायू गेलेले परवडतात, हा हिशेब मात्र आपला आपण मांडायला हवा.

आणि म्हणूनच लग्नसराईच्या तोंडावर पाच-सात किलोंसाठी इंजेक्शन मागणारा, इंडेक्स २४ असलेला तरुण मला सर्वांत चुकीचा उमेदवार वाटतो. त्याच्याकडे उतरवायला फारसे काही नाही आणि गमवायला पुष्कळ आहे.

५. ताटाचा प्रश्न: कमी खाण्याचा नव्हे, पुरेसे खाण्याचा

औषधाच्या तिसऱ्या महिन्यातल्या माणसाचे ताट जवळून पाहा. सकाळी चहा आणि दोन बिस्किटे, कारण मळमळते. दुपारी एक फुलका, दोन चमचे भाजी, वरण नको कारण पोट जड होते. रात्री चार घास दहीभात. घरचे खूश: किती छान ताबा आला! या दिवसभराच्या जेवणात प्रथिने मोजली तर पंधरा-वीस ग्रॅमच्या पलीकडे जात नाहीत. फुलक्यात तीनेक ग्रॅम, दह्याच्या वाटीत तीन-चार, बाकी किरकोळ. सत्तर किलोंच्या निरोगी माणसाला राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार, म्हणजे किलोमागे ०.८३ ग्रॅमने, रोज ५८ ग्रॅम लागतात. वजन झपाट्याने उतरत असताना अनेक तज्ज्ञ किलोमागे १.२ ग्रॅम आणि त्याहून अधिक सुचवतात. म्हणजे ८४ ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने हा आकडा डॉक्टरांना विचारल्याशिवाय उचलू नये.

आपल्या जेवणाची मुळातली रचनाच इथे आडवी येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत आपल्या आहारातल्या सुमारे ६२ टक्के कॅलरी पिष्टमय पदार्थांतून येतात असे आढळले. पोळी-भात हा पाया आणि डाळ-उसळ ही तोंडी लावणी, असे आपले ताट. भूक शाबूत असते तेव्हा प्रमाणाबाहेर का होईना, पण एवढे खाल्ले जाते की थोडीफार प्रथिने पोटात जातातच. औषधाने भूक निम्म्यावर आणली की प्रमाण तेच राहून सगळेच निम्मे होते.

उपाय महागडे डबे आणण्याचा नाही. क्रम उलटवण्याचा आहे. आधी मटकीची उसळ, घट्ट वरण, अंडी, मासळी, पनीर, जे ज्याच्या घरात चालते ते; मग भाजी; पोटात जागा उरलीच तर भाकरी. एका अंड्यात सहा ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, आणि वाळक्या सोयाबीन वड्यांत शंभराला पन्नासहून अधिक. घरच्या सुगरणीला ही उलथापालथ सहज मानवत नाही, कारण पोळी नाकारणे हा तिला स्वतःचा नकार वाटतो. आणि उपासाचे काय? एकादशी नि दुप्पट खाशी ही म्हण या औषधाने निकालात काढली आहे. दुप्पट खाता येतच नाही. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. इंजेक्शनवर असताना आठवड्यातून दोन उपास आणि त्यात साबुदाण्याची खिचडी, याहून स्नायूंना मारक वेळापत्रक आखता येणार नाही.

६. फिरायला जाणे पुरेसे का नाही

मराठी मध्यमवर्गासाठी व्यायाम म्हणजे सकाळचे फिरणे आणि परत येताना टपरीवरचा चहा. हृदयाला, साखरेला, मनाला ते चांगलेच आहे. कुणी सोडू नये. पण स्नायू राखायचे तर त्यांच्यावर भार पडावा लागतो. आठवड्यातून दोन-तीन वेळा डंबेल्स, रबरी पट्टे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात लावून जोर, यांपैकी काहीतरी आणि दर पंधरवड्याला थोडे अधिक. ज्या प्रांतात गावोगाव तालमी होत्या, तिथे जोर-बैठकांची महती बाहेरून आणून सांगावी लागावी, हे जरा विचित्रच.

औषध आणि व्यायाम यांची खरी सांगड दाखवणारी सर्वांत नीटस चाचणी डेन्मार्कमध्ये झाली. १९५ जणांचे वजन आठ आठवड्यांच्या कडक आहाराने सरासरी १३ किलोंनी उतरवले आणि मग त्यांचे चार गट केले: काहीच नाही, नुसता व्यायाम, नुसते लिराग्लुटाइड हे जुन्या पिढीतले इंजेक्शन, आणि दोन्ही. वर्षभराने 'काहीच नाही' गटाचे सहा किलो परत आले होते. दोन्ही करणाऱ्यांचे आणखी साडेतीन किलोंच्या घरात उतरले, आणि शरीरातल्या चरबीचे प्रमाण एकट्या व्यायामाच्या किंवा एकट्या औषधाच्या तुलनेत जवळपास दुप्पट घटले. माझ्या मते महत्त्वाचे त्यापुढचे आहे. सगळे उपचार थांबवून आणखी एक वर्ष गेल्यावर, नुसते औषध घेतलेल्यांचे वजन अधिक चढले. व्यायामाची जोड होती त्यांनी मिळवलेले बऱ्यापैकी राखले. लिराग्लुटाइड सौम्य आहे, नव्या औषधांना हा निष्कर्ष तसाच्या तसा लागू होईलच असे नाही. पण सवयींचे काम नंतरच्या वर्षात दिसते, हे त्यातून पुरेसे कळते.

७. तीन आक्षेप

'मग हे औषध जन्मभर घ्यायचे?' बहुतेकांच्या बाबतीत दीर्घकाळ, हे प्रामाणिक उत्तर आहे. 'स्टेप १' मधल्या लोकांनी औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आले. टिर्झेपटाइड ३६ आठवड्यांनी बंद केलेल्या गटाचे वजन पुढच्या वर्षभरात १४ टक्के चढले. यावर डॉक्टर रक्तदाबाच्या गोळीचा दाखला देतात: तीही जन्मभर घेताच ना? दाखला अर्धाच बरोबर आहे. रक्तदाबाची गोळी चार महिने सोडून पुन्हा धरली तर धोका आहे, पण त्या खेपांमध्ये स्नायू खर्ची पडत नाहीत. इथे प्रत्येक धरसोडीत उतरताना चरबीबरोबर स्नायू जातात आणि परत येताना, विशेषतः उतारवयात, मुख्यतः चरबी येते. तीन धरसोडींनंतर काट्यावर तेच वजन आणि आत अधिक वाईट शरीर, असे होऊ शकते. म्हणून ज्याला खर्चामुळे किंवा दुष्परिणामांमुळे औषध थांबवावे लागण्याची शक्यता आहे, त्याला भाराच्या व्यायामाची गरज इतरांहून अधिक आहे.

'आहार-व्यायाम करायचाच, तर औषध कशाला?' या प्रश्नात क्रमाची चूक दडलेली आहे. आधी सहा महिने प्रयत्न करा, नाही जमले तर औषध, असे आपण सांगतो. ११० किलोंच्या आणि गुडघे झिजलेल्या माणसाला भाराचा व्यायाम सुरुवातीला जमतच नाही. गुडघ्याच्या संधिवातावर सेमाग्लुटाइड देऊन झालेल्या चाचणीत, २०२४ साली, वजनाबरोबर दुखणेही लक्षणीय कमी झाले. अशा माणसाच्या बाबतीत औषध आधी आणि व्यायाम नंतर, हाच क्रम शहाणपणाचा. शिवाय औषधाचे काही लाभ एकट्या आहार-व्यायामाने आजवर सिद्ध झालेले नाहीत. १७,६०४ हृदयरुग्णांवरच्या 'सिलेक्ट' चाचणीत सेमाग्लुटाइडने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयरोगाने होणारे मृत्यू मिळून २० टक्क्यांनी घटले. अमेरिकेत मधुमेहींवर वर्षानुवर्षे चाललेली सघन जीवनशैलीची 'लुक अहेड' चाचणी नेमका हाच लाभ न दिसल्यामुळे २०१२ साली थांबवावी लागली होती.

'हे सगळे पैसेवाल्यांचे चोचले.' मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड 'मौंजारो' या नावाने भारतात आले तेव्हा सर्वांत कमी मात्रेच्या कुपीची किंमत साडेतीन हजार होती, आणि आठवड्याला एक कुपी लागते. मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडचे भारतीय पेटंट संपले, त्यामुळे हा आक्षेप हळूहळू सैल होईल. पण स्वस्ताईने मला दुसरीच धास्ती वाटते. कुपी स्वस्त झाली म्हणून डाळ स्वस्त होत नाही, आणि सगळ्यांना वाढून शेवटी उरलेले खाणाऱ्या बाईच्या ताटात उसळ वाढत नाही. औषध परवडेल पण त्याच्या जोडीचे काही परवडणार नाही, अशा घरांत ही इंजेक्शने पोचतील, आणि तिथले स्नायू आधीच सर्वांत कमी आहेत. ओळखीच्या केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय मिळवलेल्या पेनचा तर विचारच नको. पित्ताशयातले खडे, स्वादुपिंडाचा दाह, गर्भधारणेचा बेत, कुटुंबातला विशिष्ट प्रकारचा थायरॉइडचा कर्करोग, हे विचारणारे तिथे कुणी नसते.

८. चिठ्ठीवर काय लिहावे

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२५ मध्ये या औषधांबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यात आहार-व्यायामाच्या सघन पाठबळाचाही समावेश आहे. सघन म्हणजे 'स्टेप ३' सारख्या तीस बैठका, असे धरले तर आपल्या ओपीडीत ते होणे नाही. रांगेत मागे वीस जण असतात. पण तीन गोष्टी पाच मिनिटांत होतात. रोजच्या प्रथिनांचा ग्रॅममधला आकडा, व्यायामाचे दोन ठरलेले वार आणि कंबरेचे माप, हे औषधाच्या नावाखालीच लिहावे. 'आहार-व्यायाम' असे मोघम काही लिहू नये. आणि वजनकाट्याशेजारी एक बिनहातांची खुर्ची ठेवावी. पहिल्या भेटीत, हात छातीवर बांधून, ३० सेकंदांत किती वेळा उठता येते ते मोजून कागदावर टिपावे. तिसऱ्या महिन्यात वजन आठ किलोंनी उतरले आणि उठण्याचा आकडाही उतरला, तर पुढची मात्रा वाढवण्याआधी रुग्णाने काल दिवसभरात काय खाल्ले ते विचारावे.